फुकटच्या चार्जिंगची गादी

इलेक्ट्रिक गाडी कोणीही घेतं, पण ती फुकटात चालवायला डोकं लागतं आणि ते माझ्याकडे आहे! कुठल्या दुकानाच्या, कुठल्या बँकेच्या पार्किंगमध्ये चार्जर फुकट आहे, हे मला झोपेतून उठवून विचारा. (झोपेचा विषय पुढे येणारच आहे.) पैसे मोजून चार्जिंग करणाऱ्यांची मला कीव यायची.

त्या दिवशी बायकोच्या केकची पहिली मोठी ऑर्डर होती. शहराबाहेर नवं हॉटेल उघडत होतं आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर तिचा तीन मजली केक कापायचा होता. तो पसंत पडला, तर हॉटेलचे सगळे केक कायमचे तिच्याकडे. आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. केक आम्ही मागे नवरीसारखा जपून बसवला. गाडीत हॉटेलपर्यंत जाण्यापुरतं चार्जिंग होतं, परतीचं नव्हतं.

"हायवेवर फास्ट चार्जर आहे. चहा पिईपर्यंत होईल. पैसे भर आणि मोकळा हो," बायको म्हणाली.

"चहाइतक्या वेळासाठी दामदुप्पट? वाटेत ते फर्निचरचं दुकान आहे ना, तिथे फुकट आहे."

"तो स्लो आहे."

"आपल्याला कुठे घाई आहे?"

घाई होती. पण फुकट म्हटलं की मला घड्याळ दिसेनासं होतं.

स्लो चार्जर म्हणजे सलाईन. थेंब थेंब. शिवाय दुकानाची अट अशी, की गिऱ्हाईक आत असेपर्यंतच वीज चालू. दारावरचा वॉचमन त्या बाबतीत चांगलाच खमक्या होता. तेव्हा बायको केकसाठी एसी लावून गाडीत बसली आणि मी गिऱ्हाईक होऊन आत शिरलो.

सेल्समन लगेच चिकटला. खुर्च्या बघून झाल्या, कपाटं उघडून झाली, एका टेबलाचे पाय तर मी वाकून ठोकून पाहिले. तरी वेळ सरेना. मग तो म्हणाला की गादी बघा, पण आडवं झाल्याशिवाय काही कळत नाही. मी आडवा झालो. घटकाभर डोळे मिटून विचार करावा म्हटलं.

जाग आली तेव्हा भोवती गर्दी होती. सेल्समन माझ्याकडे बोट दाखवून हलक्या आवाजात सांगत होता, "बघा, पडल्यापडल्या झोपले. घोरणं तर ऐकलंतच." एक आजोबा माझ्या शेजारची जागा चाचपत होते. एवढ्यात गर्दीतून वाट काढत बायको आली आणि मी खाडकन उठून बसलो.

"बॅटरीचा आकडा बघितलास? होता त्याहून खाली आलाय. येतंय थेंबथेंब आणि एसी पितोय घटाघट."

म्हणजे परतीचं सोडाच, आता जाण्यापुरतंही उरलं नव्हतं. फास्ट चार्जर गाठून, तिथे नंबर लागेपर्यंत केक कापायची वेळ टळून गेली असती. बायकोचे डोळे भरून आले. आठवडाभराच्या तिच्या जागरणावर मी एका डुलकीत पाणी फिरवलं होतं.

"साहेबांना गादी आवडलेली दिसते," सेल्समन म्हणाला. "आत्ता घेतलीत तर टेम्पोने लगेच पोचवतो. फुकट."

तशा अवस्थेतही माझे कान टवकारले. "घेतली! पण आधी हॉटेलवर पोचवा, घरी मागाहून."

अशी आमची वरात निघाली. टेम्पोत गादी, गादीवर केक, केकला कवटाळून मी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बायको. खड्डे सगळे गादीने सोसले. क्रीमचं एक फूल तेवढं माझ्या शर्टाला लागलं, बाकी केक शाबूत पोचला. तो पाहून हॉटेलच्या मॅनेजरने तिथल्या तिथे पुढची ऑर्डर दिली. बायको हसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

"पण टेम्पोने का आलात?" मॅनेजरने विचारलं. "माल आणणाऱ्यांसाठी मागे फास्ट चार्जर ठेवलाय आम्ही. फुकट."

मी शर्टावरचं क्रीम मन लावून पुसू लागलो. बायको गोड आवाजात म्हणाली, "ह्यांना साधं फुकट चालत नाही हो. गादीएवढा खर्च करून मिळालेलंच गोड लागतं."

गाडी आणायला परत गेलो, तर वॉचमनने चार्जर बंद केलेला. गिऱ्हाईक दुकानात नव्हतं ना!

गादी मात्र खरंच उत्तम आहे. हॉलमध्ये टाकलीय. बायकोचा राग उतरेपर्यंत मी तिथेच झोपतो.