नवारीवरचा सिनेमा

हल्ली मला कुणी "काय, कशी आहेस?" असं विचारलं की मी "बरी आहे" म्हणते आणि टेकायला जवळपास भिंत आहे का ते पाहते. चांगल्या बी.ए. झालेल्या, केस अजून काळे असलेल्या बाईला इतका थकवा कशानं आला, असं तुम्हाला वाटेल. मला तो पुठ्ठ्याच्या एका खोक्यानं आला. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या नव्या लुगड्यांचं खोकं होतं. ते चुलीत सारायच्या ऐवजी त्याचं काहीतरी करावं, एवढंच मी ठरवलं होतं. (यापुढे मी काही ठरवणार नाही, हेही आता ठरवलंय.)

तेव्हा आमच्या अमडापुरात बालवाडी निघायची होती. जागा मिळाली होती, पाट्या आल्या होत्या, फक्त शिकवायला बाई मिळत नव्हती. आणि माझी पदवी लग्नापासून ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी पडून होती. ती नोकरी मला हवी होती. इतकी हवी होती, की भाकरी थापताना माझ्या तोंडून बडबडगीतं यायची. सकाळचे काही तास तरी धुरातून सुटका होईल, कुणीतरी मला 'बाई' म्हणेल, आणि वडिलांनी फीपायी काय काय सोसलं ते अगदीच वाया जाणार नाही, असा माझा हिशेब. बालवाडी समितीचे अध्यक्ष भगवानराव म्हणजे मामंजींचे जुने स्नेही. त्यांनी निरोप धाडला, "महालक्ष्म्यांच्या जेवणाले येतोच हावो. तवा सूनबाईशी दोन शब्द बोलून घेऊ."

ते दोन शब्द ऐकल्यापासून माझी झोप उडाली. कारण मी दचकते. भांडं पडलं की दचकते, पडणार असं दिसलं की आधीच दचकते, आणि बहुतेक वेळा त्यामुळंच ते पडतं. माणसांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते. पडद्याआड मात्र मी फार शूर असते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हिंदी सिनेमांची टर उडवणारी पुठ्ठ्याची माणसं मी कापली होती आणि आडून नाचवली होती. सगळं कॉलेज हसलं होतं. मनात आलं, बोलता येत नाही तर दाखवून द्यावं. महालक्ष्म्यांपुढं हलता देखावा करावा. लेकरांना असंच शिकवीन, हे भगवानरावांना न बोलता कळेल.

(ते नुकतेच मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.)

खोक्यातून मी पाच माणसं कापली. कुठल्याही सिनेमाला गेलात तरी ती तिथं असतातच, नसली तर तिकिटाचे पैसे परत मागावेत. सायकलवरून उगाचच हसत जाणारी हिरॉईन. तिच्यामागे काळा चष्मा घातलेला, पोट सुटलेला व्हिलन, हात पुढं करून. त्याच्यामागे कपाळावर केसांचा कोंबडा आणलेला, पिस्तूलवाला हिरो. त्याच्यामागे शिलाई मशीनवर खोकत बसलेली त्याची आई, तो फर्स्ट क्लासात पास होईपर्यंत न मरणारी. आणि सर्वांत शेवटी, सगळं संपल्यावर येणारा इन्स्पेक्टर.

ही माणसं चालवायची कशी? मामंजींच्या पलंगाची नवार, म्हणजे पलंग विणायची रुंद पट्टी, धुऊन वाळत घातली होती. तिचं एक लांब वेटोळं शिवलं, दोन लाटण्यांवर ताणून बसवलं आणि एका लाटण्याला माझ्या माहेरच्या शिलाई मशीनचा पट्टा जोडला. पडद्यामागे पायानं मशीन मारली की नवार फिरायची आणि तिच्यावर टाचलेली माणसं एकामागून एक महालक्ष्म्यांसमोरून जायची. आता, पुरणपोळीच्या दिवशी घरातली दोन्ही लाटणी गुंतवून ठेवणारी सून अख्ख्या तालुक्यात मीच असेन. शेजारच्या गोजरबाईंकडून लाटणं मागून आणावं लागलं.

"तुमच्या घरचं बेलणं कुठं गेलं वं?" त्यांनी विचारलं.

"सिनेमात," मी म्हणाले.

त्यामुळे गोजरबाई सगळ्यांच्या आधी येऊन पुढं बसल्या.

मशीन मारायचं काम आमच्या ह्यांच्याकडे दिलं. हे चिखलीच्या कचेरीत कारकून आहेत. कामावर बसल्या जागेवरून हलायचं नाही, याची त्यांना सवय आहे.

"जमेल ना?" मी विचारलं.

"सायकल चालवतो ना मी? मग!" हे म्हणाले.

पहिला गोंधळ सकाळीच झाला. सासूबाई नैवेद्याचं पान घेऊन आल्या आणि देखाव्यापाशी थबकल्या.

"अन्नपूर्णे, हे म्हातारी कोण वं?"

"आत्याबाई, ती हिरोची आई."

"मंग पांढरं लुगडं काऊन नेसली?"

सिनेमातल्या आया पांढऱ्या साडीतच असतात. त्यांचे नवरे पहिल्या रिळाच्या आधीच गेलेले असतात. हे सगळं मी चाचरत सांगितलं. सासूबाईंचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला.

"माह्या महालक्ष्म्यायपुढं? सवाष्णींच्या जेवणाच्या दिवशी?" त्या ओसरीकडे वळून ओरडल्या, "अहो, आयकलं का? सुनेनं तुमाले उडवलं!"

मामंजी नवार नसलेल्या पलंगाच्या कडेवर अवघडून बसले होते. "मी तं हाये अजून," ते म्हणाले. "फकस्त निजाले जागा नाही."

मी धावत जाऊन त्या पुठ्ठ्याच्या बाईला हळदीत बुडवलं आणि रुपयाएवढं कुंकू लावलं. आता ती खोकतही असेल तर कावीळ झाल्यासारखी खोकत होती. पण सवाष्ण होती.

दुपारी पुरण, आंबील, कढी, भजी असं सगळं झालं. पंगत उठली आणि भगवानराव आत आले. मी हळदी-कुंकवाचं ताट घेऊन दाराशी उभी होते. त्यांच्याकडे पाहिलं आणि ताटासकट एक पाऊल मागं सरले. डोळ्यांवर काळा कुळकुळीत चष्मा. पोट पुढं. आणि चाचपडत येत असल्यामुळे हात समोर धरलेला.

माझा व्हिलन उंबरा ओलांडून आत येत होता.

"बसा भाऊ," सासूबाई म्हणाल्या.

"बसतो वैनी. आपरेशन झालं ना, अजून डोळ्याले निस्तं धुकं हाये. माणूस हाये एवढं समजते, कोणचा हाये थे नाही समजत." ते देखाव्यासमोर टेकले. "सूनबाईनं काईतरी बनवलं म्हणतात?"

मी ह्यांना थांबवायला पडद्याकडे झेपावले. पण ह्यांनी पडद्याआडून भगवानरावांचं बोलणं ऐकलं होतं आणि मोठ्या उत्साहानं मशीन सुरू केली होती. खटखट झाली, नवार फिरायला लागली, आणि गोजरबाईंनी मांडीवर थाप मारली.

"अवं माय! भाऊ, हे तं तुम्हीच हावो! तोच चष्मा, तेच पोट!"

मी मनातल्या मनात पदवी पुन्हा ट्रंकेत ठेवली आणि वर दोन गोळ्या जास्त टाकल्या.

"मी?" भगवानराव म्हणाले. "मी काय करून राह्यलो तिथं?"

"सायकलवरच्या एका बाईच्या मांगं लागले तुम्ही," गोजरबाईंनी सांगितलं. अशा बातम्या त्या कधीच अर्धवट ठेवत नाहीत. "हात पुढं करून!"

भगवानरावांची मान ताठ झाली. काहीतरी बोलायला हवं होतं, तेही मीच. मी तोंड उघडलं. तोंड उघडं राहिलं, बाकी काही झालं नाही. तेवढ्यात सासूबाई पुढं सरसावल्या. सिनेमा हा प्रकार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण घराची अब्रू म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"लागनच ना भाऊ मांगं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बालवाडीले बाई भेटून नाही राह्यली. तुम्ही नोकरीचा हुकूम घेऊन बाईच्या मांगं, आन् बाई पळते पुढं पुढं. गावासाठी किती धावता तुम्ही, थे दावलं सुनेनं."

"अस्सं!" मान जरा सैल झाली. "खरं हाये वैनी. लई धावलो."

"पन भाऊ, तुमच्या मांगं एक पोट्टा लागला," गोजरबाई म्हणाल्या. "हातात पिस्तूल हाये!"

"पिस्तूल?"

"फवारा हाये थो, मलेरियाचा," सासूबाई म्हणाल्या. "थो मलेरियावाला गावात सगळ्यायच्याच मांगं लागते. परवा माह्या पिठाच्या डब्यावर फवारून गेला."

"आन् हे पिवळी बाई मशीनवर?" गोजरबाईंनी विचारलं.

"महिला मंडळाचा शिवणवर्ग. भाऊनं कबूल केला हाये, निंघाचा हाये अजून."

भगवानराव खाकरले. "निंघन, निंघन. आन् शेवटी?"

"शेवटी खाकीवाला एक जण," गोजरबाई म्हणाल्या.

"तपासणीचे सायेब. थे सगळं सरल्यावरच येतात."

भगवानराव असे हसले की पोटावरचं उपरणं हललं. बायका हसल्या. मामंजी ओसरीतून हसले. मी दाराजवळच्या भिंतीला टेकले. (ही भिंतीची सवय तेव्हाच लागली.) वाटलं, वाचले. दोन गोळ्या परत काढायला हरकत नाही.

पण आपली बायको वाचली हे पडद्याआडच्या माणसाला कसं कळणार? हसणं ऐकून ह्यांना वाटलं, काहीतरी चुकलंय. ह्यांनी पाय थांबवले, आणि घाईघाईनं पुन्हा सुरू केले ते उलटे. शिलाई मशीनचं असंच असतं. पहिलं पाऊल चुकलं की चाक उलटं फिरतं. पण सायकलवाल्याला ते कोण सांगणार? पाचही माणसं मागं मागं जायला लागली.

"आता वं?" गोजरबाई किंचाळल्या. "आता थे बाईच भाऊच्या मांगं लागली! आन् भाऊ पळून राह्यले!"

"मंग?" सासूबाई क्षणभरही अडखळल्या नाहीत. "पटलं ना तिले. म्हनलं, नोकरी चांगली हाये, सोडू नाही. आता थेच मांगं लागली, भाऊ, द्या म्हनून."

भगवानरावांनी चष्म्याखालून डोळे पुसले. मग ते गंभीर झाले आणि माझा अंदाज घेत, साधारण माझ्या दिशेनं, म्हणजे महालक्ष्म्यांकडे तोंड करून बोलले.

"सूनबाई, मतलब समजला मले. सायकलवरची बाई म्हंजे तुम्हीच ना? कराची हाये का नोकरी? तुमच्याच तोंडानं सांगा."

एवढंच. फक्त 'हो' म्हणायचं होतं. रात्र रात्र पाठ केलेलं बालशिक्षणावरचं भाषणसुद्धा लागणार नव्हतं. मी एक पाऊल पुढं टाकलं, ताट छातीशी धरलं, श्वास घेतला.

आणि नवार तुटली.

फटाक्यासारखा आवाज झाला. एक लाटणं गडगडत आलं, इन्स्पेक्टर जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी पोहोचला तो माझ्या पायावर, पडद्याआडून "अगं आई!" असा ह्यांचा आवाज आला आणि मी जी किंचाळले, ते म्हणे पार बाजारापर्यंत ऐकू गेलं. हातातलं ताट कुठं गेलं ते मला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा भगवानराव टोपीपासून धोतरापर्यंत हळदी-कुंकवानं माखले होते आणि मी सासूबाईंच्या पाठीमागे, त्यांचा पदर दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"कोण वरडलं बापा?" भगवानरावांनी विचारलं.

"सूनबाई," गोजरबाई म्हणाल्या.

"भेली जराशी," सासूबाई म्हणाल्या. "भाऊ, महालक्ष्म्यायच्या घरी हळदी-कुंकवाचा मान बाप्यायले कोणाले भेटते का? तुमाले भेटला."

भगवानराव चाचपडत उठले, टोपी झटकली आणि हात जोडले.

"वैनी, बालवाडीत पन्नास लेकरं राह्यतीन. पडतीन, रडतीन, उलट्या करतीन. तिथं वरडणारी बाई चालत नाही. तिथं कसंही उलटं-सुलटं झालं, तरी गोष्ट पुढं नेणारी बाई लागते. तुम्ही चौथी पास हावो ना?"

"तिसरी," सासूबाई म्हणाल्या. "चौथीत लग्न झालं."

"चालते. हुकूम पाठवतो."

ओसरीतून मामंजी म्हणाले, "आन् माही नवार?" पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

उंबऱ्यापाशी भगवानराव थांबले. मन मोठं आहे त्यांचं. "सूनबाईलेही आणत जा संगं," ते म्हणाले. "लेकरायत बसली का भीड मोडन हळूहळू."

तर आता सकाळी स्वयंपाक उरकून, सासूबाईंचा डबा भरून, त्यांची छत्री धरून मी बालवाडीत जाते. रात्री त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीसाठी पुठ्ठ्याची माणसं कापते. लेकरं त्यांना 'बाई' म्हणतात. घरी आल्यावर त्या थकलेल्या असतात, म्हणून पाय मी चेपते. बालवाडीत मी मागच्या बसकरपट्टीवर बसते. सासूबाई घंटा वाजवतात तेव्हा दचकते आणि सगळी लेकरं वळून टाळ्या वाजवतात.

परवा भगवानराव आले होते. आता डोळ्यांनी स्वच्छ दिसतं त्यांना. मला मागं बसलेली पाहून त्यांनी मायेनं विचारलं, "काय वैनी, सूनबाईची भीड मोडली का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. विचार केला. त्या खोटं बोलत नाहीत, निदान शाळेत तरी.

"सुधारून राह्यली भाऊ," त्या म्हणाल्या. "पन पह्यलीत घालाची घाई नको. एक वर्स आणखी इथंच राहू द्या."