देवघेव घटली, कपाटे रिकामी

घाटंजीतल्या आमच्या वाचनालयात सकाळचे ऊन पूर्वेच्या खिडकीतून येते, पण घाई करत नाही. आधी गजांच्या सावल्या फरशीवर मांडते, मग वर्तमानपत्रांवर रेंगाळते, कादंबऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवते आणि अखेर माझ्या टेबलावरच्या भिंगाशी येऊन थबकते. या प्रकाशाला आजवर एकच गूढ उकललेले नाही: मी. पदाने साहाय्यक ग्रंथपाल. वृत्तीने तालुक्यातील सर्वांत एकाकी आणि, माझ्या अंदाजाने, एकमेव गुप्तहेर.

प्रकरण गंभीर होते. देवघेवीचा, म्हणजे घरी नेलेल्या पुस्तकांचा, यंदाचा आकडा निम्म्यावर आला होता. मार्चच्या अहवालापर्यंत तो सावरला नाही, तर वाचनालयाचा दर्जा घसरणार, अनुदान घटणार आणि शेतातून परतणाऱ्यांची संध्याकाळची वेळ बंद होणार. तरीही कपाटे रिकामी!

"वाळवी," मी ग्रंथपाल विमलताईंना म्हणालो.

"वाळवी का निस्त्या कादंबऱ्याच खाते काय रे, नयन?"

"मग पांढरकवड्याच्या हायवेवरची टोळी. रात्री ट्रक लावून..."

"कापूस सोडून ट्रकवाले कविता नेऊन राह्यले? तू चहा घे बरं."

इतक्यात तांड्यावरच्या हंसाबाई आल्या. बाजाराचा दिवस होता. पिशवीतल्या वांग्यांखालून त्यांनी एक कादंबरी काढली. मी भिंग उचलले.

"हे पुस्तक भीमसिंग यांच्या नावावर आहे. आपल्याकडे कसे?" मी शाईच्या डबीला विचारले, कारण माणसांच्या डोळ्यांत पाहणे मला जमत नाही.

"भीमसिंगनं कोकिळेले देलं, कोकिळेनं मले. आता सलोनीचा नंबर. थे बजारात दिसली नाही, म्हनून ताईजवळ ठेवून जातो म्हटलं."

विमलताईंनी कपाळाला हात लावला. "म्हंजे अर्धा तांडा वाचते, आन् नोंद एकाचीच! काहून वं, इथं येऊन बदलाले काय होते?"

हंसाबाईंनी भिंगाकडे बोट दाखवले. "मांगच्या खेपेले पानावरचा डाग पाहून यानं इचारलं, वरन सकाळचं का रातचं? पंगतीत कोन कोन होतं? पुस्तक नेलतं बाप्पा, खून नोता केला!"

विमलताईंनी माझ्या हातातून भिंग काढून घेतले, खणात टाकले आणि खणाला कुलूप लावले. हंसाबाईंनी दारातूनच बाजाराच्या दिशेने हाळी दिली, "या वं समद्या! भिंग कोंडलं!"

बघता बघता टेबलापुढे रांग लागली. मेथीच्या जुड्या बाजूला सारून पिशव्यांतून पुस्तके निघू लागली. एकीने परत करायचे, दुसरीने रीतसर न्यायचे. प्रत्येक देवघेवीवर विमलताईंचा शिक्का पडत होता.

माझ्याजवळ आणखी एक उपपत्ती शिल्लक होती. भूगर्भातील चुंबकीय लहरींची. ती मी मांडली नाही.

वाचक मला टाळत होते.