शकुंतलाबाईंचं काजळ

येसाजीरावांचे डोळे आले तेव्हा शकुंतलाबाईंना डोळ्यांची काळजी होती. चौथ्या दिवशी नर्सबाईची काळजी सुरू झाली.

येसाजीराव राजवाड्याच्या पागेत कारकून. कामावर जाण्याआधी ते रोज दवाखान्यात जात. तिथली नर्स वरलक्ष्मी बोरिकच्या कोमट पाण्याने त्यांचे डोळे धुई आणि जस्ताच्या औषधाचे दोन थेंब घाली.

"झोंबत असेल नाही?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"छे गं! हात इतका हलका तिचा, कळतसुद्धा नाही."

वीस वर्षांच्या संसारात शकुंतलाबाईंच्या हाताबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

त्यांनी घरचे उपाय काढले. धण्याचं पाणी झालं, दुधात भिजवलेला कापूस झाला. दोन्ही वेळा येसाजीराव ओरडले. मग बाईंनी आपली काजळाची डबी उघडली. घरी धरलेलं काजळ थंडावा देणारच. शिवाय काजळ घातलेल्या मिशाळ पुरुषाकडे कोण बाई बघत बसेल?

रोज सकाळी त्या नवऱ्याला काजळ घालत आणि बोटाला उरलेलं आपल्या डोळ्यांत.

आठवडा झाला तरी लाली हटेना.

"आता संध्याकाळीही यायला सांगितलंय," येसाजीराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा जास्तच उत्साही वाटला. शकुंतलाबाईंनी काजळही दोन वेळा सुरू केलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या पापण्या चिकटल्या. निमूटपणे त्या दवाखान्यात गेल्या.

वरलक्ष्मीने पापणी उलटून पाहिली. "हे काजळ कुठलं?"

"माझं. यांनाही मीच घालते."

"एकाच डबीतलं?"

"एकाच बोटाने!" शकुंतलाबाई ठसक्यात म्हणाल्या.

"अय्यो! म्हणजे मी धुऊन काढते, ते तुम्ही परत भरता? नाहीतर साहेब केव्हाच बरे झाले असते!"

नवऱ्याला इतके दिवस या बाईच्या हाती कुणी ठेवलं, ते आता उघड होतं.

गार थेंब डोळ्यांत पडले.

"झोंबलं?"

"कळलंसुद्धा नाही," त्या नाइलाजाने म्हणाल्या.

डबी फेकल्यावर येसाजीराव चार दिवसांत बरे झाले. शकुंतलाबाई मात्र रोज जात होत्या, आणि वरलक्ष्मीशी गप्पा मारून उशिरा परतत होत्या. चुलीवरचा भात येसाजीरावांनी दोनदा करपवला.

"अगं, आणखी किती दिवस?" त्यांनी शेवटी विचारलं. "उद्यापासून थेंब मीच घालतो की!"

शकुंतलाबाई पदर सारखा करत उंबरठ्याबाहेर पडल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "तुमचा हात जड आहे."