समुद्राला कूलर

"नागपूरला समुद्र नाही ना? ठीक आहे! मी आणून दाखवतो!"

मुकुंदराव खानझोड्यांनी ही घोषणा एका लग्नाच्या पंगतीत, हातातली जिलबी उंचावून केली. त्यांना वाटलं, निदान समोरची रांग तरी टाळ्या वाजवेल. समोरच्या रांगेनं मठ्ठा मागितला.

मुकुंदराव भडकले होते आणि भडकवणारा होता त्यांचा मेव्हणा केशव, म्हणजे त्यांच्या बायकोचा, प्रमोदिनीबाईंचा, सख्खा धाकटा भाऊ. हा मुंबईला गोदीत नोकरी करायचा आणि घरी काचेच्या टाकीत खारं पाणी घालून चक्क समुद्र पाळायचा! त्यात जिवंत प्रवाळ काय, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे काय! मुकुंदराव सहज म्हणाले, "मीही करतो असं काही," तर हा पोट धरून हसला.

"भाऊजी, तुमच्या मे महिन्यात माणसं उकडून निघतात, तिथे माशांचं काय? दुपारपर्यंत रस्सा तयार!"

अख्खी पंगत हसली. शाकाहारी मंडळी जरा जास्तच हसली.

आता सांगा, हा काय बोलण्याचा प्रकार झाला? समुद्राकाठी भाड्याच्या खोलीत राहिलं म्हणून समुद्र काय यांच्या नावावर झाला? मुकुंदरावांची जिलबी घशाखाली उतरेना. शेवटी केशवनेच अट घातली. मेच्या अखेरीस तो मासे घेऊन येणार. टाकीतल्या थर्मामीटरचा पारा त्यानं रंगवलेल्या लाल खुणेच्या खाली असला, तर मासे मुकुंदरावांचे. नसला, तर मासे संध्याकाळच्या गाडीनं परत मुंबईला आणि पंगतीतल्या सगळ्यांना तो पत्र घालून कळवणार.

केशवने एक विलायती पुस्तकही दिलं. मुकुंदरावांनी ते उघडलं आणि पहिल्याच प्रकरणाला त्यांचं डोकं फिरलं. टाकीसाठी सर्वांत महत्त्वाचं उपकरण कोणतं? तर म्हणे हीटर!

"हीटर!" मुकुंदराव ओरडले. "या गृहस्थाला मेच्या दुपारी आपल्या गच्चीवर उभा करा! स्वतःच बुडबुडे सोडेल!"

तरी सामान घेणं भाग होतं. मुकुंदराव सायकल काढून जरीपटका बाजारात ताराचंदच्या दुकानात गेले. पंखा, मिक्सर, मोटार, जे जे विजेवर फिरतं ते ताराचंदकडे मिळे.

"ताराचंदजी, खाऱ्या पाण्याला चालेल असा पंप दाखवा."

"खारा पानी? बोअर खोदा क्या, साहब?"

"बोअर नाही. समुद्र."

ताराचंदची पापणी लवली नाही. धंदेवाईक माणूस! "कितना बड़ा समंदर?"

"चार फूट."

"तो हाफ हॉर्सपावर बहुत है!"

त्या पंपानं मुकुंदरावांचा समुद्र एका दमात समोरच्या घराच्या माडीवर गेला असता. बरीच हुज्जत घालून त्यांनी हवेचे बुडबुडे सोडणारा एक इवलासा पंप निवडला. निघताना ताराचंद म्हणाला, "साहब, हीटर नहीं लेंगे?" त्यावर मुकुंदरावांनी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाण्याचा खारेपणा मोजायची नळी कुठेच मिळेना, म्हणून त्यांनी मोटारीच्या बॅटरीवाल्याकडून त्याची ॲसिड मोजायची नळी आणली. तसबिरींना काचा बसवणाऱ्याकडून टाकी जोडून घेतली. पुढेमागे येणाऱ्या प्रवाळाला उजेड हवा म्हणून वर दोन ट्यूबलाइट टांगल्या. मुंबईहून केशवने पाठवलेले समुद्री मिठाचे पुडे आले, तर प्रमोदिनीबाईंनी विचारलं, "अहो, हे पापडात चालेल का?" मुकुंदराव त्या पुड्यांवर पालथे पडायचेच बाकी राहिले.

राहता राहिला थंडावा. विलायती पुस्तकात त्याबद्दल एक ओळ नव्हती! तेव्हा मुकुंदरावांनी स्वतःच डोकं चालवलं. साऱ्या गल्लीत एकुलता एक कूलर त्यांच्या घरी होता. वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेला, सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा. तो त्यांनी झोपायच्या खोलीतून ओढत बैठकीत आणला आणि त्याचं तोंड टाकीकडे केलं.

"आणि आपण?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"आपण पंख्याखाली."

"पंखा भट्टीची हवा फेकून राहिला!"

"माणसाला सहन होतं. मासा बिचारा बोलू शकत नाही."

"अहो, मासा अजून मुंबईत आहे!"

"पाण्याला आधीपासून सवय नको?" मुकुंदराव संतापून म्हणाले. बायकांना शास्त्र कळत नाही, हे त्यांचं जुनं मत होतं.

पण काय आश्चर्य! कूलर टाकीवर फिरला आणि पारा घसरत लाल खुणेखाली आला. मुकुंदरावांनी बैठकीचं दार सताड उघडं टाकून गल्लीत जाहीर केलं, "या, समुद्र पाहायला या!"

आणि लोक आले! पहिल्याच दुपारी शेजारच्या अंजनाबाई आल्या आणि टाकीसमोर मांडी घालून बसल्या. मागोमाग पेन्शनर नत्थूजी आले. गल्लीतलीच वच्छला गहू निवडायचं सूप घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सतरंजी पुरेना. सगळे टाकीकडे तोंड करून देवळात बसावं तसे गप्प बसत. खास रजा काढलेले मुकुंदराव कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून बुडबुड्यांचं शास्त्र, प्रवाळाचं आयुष्य, भरती-ओहोटी असं काय काय ओरडून सांगत. एकानं शंका काढली नाही! ऑफिसात ज्यांचं वाक्य कधी पूर्ण होऊ दिलं जात नसे, त्या मुकुंदरावांना अगदी भरून आलं. इतकी वर्षं या लोकांना समुद्राची केवढी भूक होती आणि कुणाला तिचा पत्ता नव्हता!

एकदा मात्र नत्थूजी घोरू लागले.

"झोपता काय, नत्थूजी?" मुकुंदराव कडाडले.

"नाही गा! डोळे मिटून समुद्र पाहून राहिलो!"

मुकुंदरावांनी ही गोष्ट रात्री प्रमोदिनीबाईंना मोठ्या कौतुकानं सांगितली. त्या पदरानं वारा घेत होत्या.

घोळ एवढाच झाला, की गर्दी वाढली तसा पाराही वाढू लागला. एवढ्या माणसांचे श्वास, घाम, त्यात वच्छलेची सासूही पोतंभर गहू घेऊन यायला लागली! पारा लाल खुणेला टेकला. मासे हवेत की श्रोते? मुकुंदरावांचा जीव कात्रीत सापडला. शेवटी ज्या दिवशी केशव येणार होता, त्या दिवशी त्यांनी काळजावर दगड ठेवून प्रमोदिनीबाईंना फर्मान सोडलं.

"आज दार बंद! कुणालाही आत घेऊ नकोस. कूलर हलता कामा नये. खानझोड्यांची अब्रू त्या पाऱ्यावर आहे!"

डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून ते भर दुपारी स्टेशनवर गेले. गाडीला यायला भलताच उशीर झाला. केशव मात्र थर्माकोलचा डबा मुलासारखा कवटाळून उतरला. आत बर्फाच्या पिशव्यांच्या मधोमध ठेवलेल्या पाण्यात दोन केशरी मासे टुणटुणीत पोहत होते. सायकल-रिक्षात लू तोंडावर थपडा मारत होती, पण मुकुंदराव नवरदेवासारखे ताठ बसले होते.

"आज बघशील तू," ते म्हणाले. "नागपूर काय चीज आहे ते!"

घराचं दार उघडं होतं. बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. आणि कूलर! कूलरनं टाकीकडे पाठ केली होती आणि तोंड माणसांकडे!

"कूलर कोणी फिरवला?" मुकुंदराव गरजले.

"मी," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात कापला नाही. "अंजनाबाईंना ओसरीवर घेरी आली. त्यांच्याकडे हवा नको करू तर काय करू? इतके दिवस आपण नुसत्या पाण्याला वारा घालून राहिलो! घरची माणसं करपून गेली आणि आत एक मासा नाही!"

"आणि या बाकीच्यांना? सगळ्यांना घेरी आली का?"

"येणारच होती," नत्थूजी म्हणाले.

केशवने वाकून थर्मामीटर पाहिला. पारा लाल खूण ओलांडून कुठल्या कुठे गेला होता. त्यानं मान हलवली. "नाही, भाऊजी. या पाण्यात सोडले तर मरतील. संध्याकाळच्या गाडीनं परत न्यावे लागतील."

मुकुंदरावांच्या डोळ्यांपुढे सारी पंगत उभी राहिली. ते गर्दीवर उसळले. "अरे, तुम्ही रोज समुद्र पाहत होता ना? मी घसा फोडून सांगत होतो ना? मग एवढंही कळू नये?"

डोक्यावर ओला पंचा घेतलेल्या अंजनाबाईंनी हळूच मान वळवली.

"कोणता समुद्र गा, मुकुंदा?"

मुकुंदरावांनी बोटानं टाकी दाखवली.

"अवं माय! हे होय?" अंजनाबाई म्हणाल्या. "मले वाटे, कूलरात टाकाचं पाणी हाय! मी तं साऱ्यायले सांगून राहिली, मुकुंदा लय शहाणा. नळाचा भरोसा नाही, म्हणून काचेत भरून ठेवते!"

नत्थूजींनी मान डोलावली. वच्छलेनंही डोलावली. तिची सासू गहू निवडतच होती. मुकुंदराव एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिले. सतरंजीवर एकही माणूस असा नव्हता, ज्यानं तो समुद्र पाहिला होता.

केशव डबा घेऊन दारातच उभा होता. "ताई, गाडीपर्यंत हे मासे कुठे ठेवू? बर्फ वितळत आला."

"सरका वं, सरका!" अंजनाबाईंनी हाळी दिली. "माशायले जागा द्या! थे बिचारे आपल्यासारखेच उन्हातून आले!"

आणि सारी गर्दी लगबगीनं सरकली. थेट कूलरच्या तोंडाशी, सर्वांत चांगल्या जागी, झाकण काढून डबा ठेवला गेला. मासे मजेत फिरू लागले. आता मात्र सगळे त्यांच्याकडे टक लावून पाहत होते.

साऱ्यांना हाकलून द्यावं, म्हणून मुकुंदरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात वाळ्याच्या वासाची एक गार झुळूक त्यांच्या तापलेल्या चेहऱ्यावर आली. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला.

"जरा सरका गा, नत्थूजी," ते म्हणाले.