चन्नबसप्पांचा महामार्ग

नांदेड-लातूरचा नवा महामार्ग कुणाचा? सरकारचा म्हणाल, तर चन्नबसप्पांशी गाठ आहे! डोंगर फोडून आलेला तो सहापदरी रस्ता रेणापूरच्या पुढे त्यांच्याच रानाच्या मधोमध गेला होता. रोज सकाळी दात घासता घासता ते कुंपणाशी उभे राहून गाड्यांना मान डोलावून परवानगी द्यायचे. वर मात्र एकदाही चढले नव्हते.

आज तो योग आला. लेकीचा, मंजुषाचा साखरपुडा! मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा. हुकला तर पुढचा थेट दोन महिन्यांनी. व्याही अण्णाराव म्हणजे नांदेडचे रिटायर स्टेशनमास्तर, वेळेला महाकडक. "मी स्वतः न्यायला येतो, माझ्या रस्त्यानं आणतो!" असं सांगून चन्नबसप्पा आदल्या दिवशीच जुन्या रस्त्यानं यष्टीनं नांदेडला पोचले होते.

गाडी नवरदेव उमाशंकर चालवत होता. डोंगर आला, बोगदा आला, दरीवरचा पूल आला. चन्नबसप्पांची छाती दर मैलाला फुगत होती.

"बघा अण्णाराव! ह्याच घाटात यष्टी धापा टाकायची. आता पोटातलं पाणी तरी हालायलंय का?"

"न्हाई," अण्णाराव घड्याळाकडे बघत म्हणाले.

रेणापूरची पाटी दिसली. उमाशंकरनं विचारलं, "मामा, हितं उतरायचं का?"

"छे! घर रस्त्याला लागून हाय आपलं. दारात उतरू!"

दार आलं. कुंपणापलीकडे त्यांच्या पत्नी पार्वतम्मा ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला. चन्नबसप्पांनीही ऐटीत हलवला. आणि गाडी ताशी शंभरच्या वेगानं निघून गेली!

"आरं थांबीव! घर गेलं!"

"मामा, हितं थांबता येत न्हाई. खाली उतरायला वाट कुठंय?"

वाट नव्हतीच! पुढची थेट लातुरात, वीस किलोमीटरवर! तेवढ्यात पार्वतम्मांचा फोन.

"अवो, आमाला टाटा करून कुठं निघालात?"

"लातुरातून वळून यायलोत!"

"अन् मुहूर्त?"

चन्नबसप्पांनी कपाळावर हात मारला. लेकीचं काम आपल्याच फुशारकीनं बिघडवलं की! पलीकडून साखरपुडा लावायला आलेल्या जंगमस्वामींनी फोन घेतला. "काचा खाली करून या. बाकी मी बघतो."

सगळे पाव्हणे महामार्गाखालच्या बैलगाडीच्या बोगद्यातून पळत पलीकडच्या कुंपणाशी गेले. बरोबर बारा दहाला गाडी परत आली, उमाशंकरनं जमेल तेवढी हळू केली, स्वामींनी हात वर केला आणि साठ जणांनी मूठमूठ अक्षता टाकल्या! कुंपणाशी शालू नेसून उभी असलेली मंजुषा हसून लाल झाली. गाडी पुन्हा गेली.

रेणापूरला उतरून, जुन्या रस्त्यानं धक्के खात मंडळी एक वाजता मांडवात आली. अण्णाराव कानातले तांदूळ काढत बसले होते. चन्नबसप्पांचा जीव टांगणीला!

"पस्तीस वर्षं गाड्या सोडल्या," अण्णाराव शेवटी बोलले, "पण इतकी वेळेवर एक बी आली न्हाई. सोयरीक पक्की! फक्त एक सांगा, तुमच्या गावाला रस्त्यावरून उतार का दिला न्हाई?"

"ह्यांनाच विचारा!" पार्वतम्मा कडाडल्या. "रस्त्याचा सायेब हात जोडून द्यायलता. ह्यांनी भर ग्रामसभेत ठणकावलं, माझ्या रस्त्यावर मधी कुणी उतरायचं न्हाई म्हणून!"

सगळा मांडव चन्नबसप्पांकडे बघू लागला.

"ते जाऊ द्या हो," ते फेटा सावरत म्हणाले, "रस्ता कसा हाय, ते सांगा की!"