जावईबापूंचा पाय

मच्छिंद्र सहलीची आखणी करत होता, आणि ती सगळी सासऱ्यांच्या गुडघ्यांभोवती फिरत होती.

सासरे आप्पासाहेब म्हणजे नेवासा तालुक्यातले जुने मोसंबीवाले. वर्षापूर्वी सासूबाई गेल्या, तशी आप्पासाहेबांनी बाग मुलांच्या हवाली केली आणि खाट धरली. गुडघे दुखतात, एवढंच कारण ते सांगत. मनकर्णानं वडलांना हवापालटासाठी कोपरगावला आपल्या घरी आणलं, तर आल्या आल्या त्यांनी पुढच्या खोलीतली खाट धरली. हवा तेवढी पालटली, बाकी काही नाही.

"अहो, काईतरी करा," मनकर्णा नवऱ्याला म्हणाली. "झाडाशी गप्पा मारनारा मानूस, आता माझ्याशी बी बोलंना. चार बागा तरी दाखवून आना."

"दाखवू की. पण त्यांना चालायला लागता कामा नये."

मच्छिंद्र पतपेढीत कारकून होता. अंगावर घेतलेलं काम रीतसर करायचं, ही त्याची खोड. दिवाळी होताच तो रविवारी सायकलनं, नाहीतर एसटीनं हिंडायला लागला. राहात्याच्या पेरूच्या बागेत जीप थेट झाडाखाली जाते का, ते पाहिलं आणि मालकाला एक खुर्ची सांगून ठेवली. अकोल्याजवळच्या रोपवाटिकेत जीप शिरेना, म्हणून तिथल्या मालकाकडून बैलगाडी आणि गाडीत गादी कबूल करून घेतली. भंडारदऱ्याला धरणाखालच्या बागेत उतरायला पायऱ्या निघाल्या, तेव्हा खुर्चीला बांबू बांधून ती उचलणारी माणसं ठरवली. टेकायला कुठे, सावली कुठे, म्हाताऱ्या माणसाला जावं लागलं तर आडोसा कुठे, याचीही चौकशी केली. शेवटी पेरूवाल्यानं विचारलं, "पाव्हनं बाग बघाया येनार हायेत का बसाया?"

एवढं सगळं पक्कं झाल्यावर त्यानं ते आप्पासाहेबांच्या कानावर घातलं, आणि तिथेच माशी शिंकली.

"माझ्यासाठी?" आप्पासाहेब उठून बसले. "जावयानं सासऱ्यासाठी खुर्च्या मांडायच्या? आमी जावयाचे पाय धुनारी मानसं! लेकीच्या घरी जेवतोय, हेच लई झालं."

"मामा, त्यात काय एवढं?"

"मी न्हाई येनार. आन् पुन्यांदा इचारू नगा." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मच्छिंद्र सायकल हातात धरून लंगडत घरी आला. उजव्या घोट्याला भोपळ्याएवढं बँडेज. ते ओळखीच्या कंपाउंडरनं बांधून दिलं होतं आणि आत पाय ठणठणीत होता, हे मनकर्णाला तेवढं ठाऊक होतं.

"सायकलवरून पडलो," तो खाटेकडे बघत म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, पाय टेकायचा नाही. सहल आता रद्दच. मला एकटी मनकर्णा कुठे कुठे धरणार?"

आप्पासाहेबांनी तोंड इकडे वळवलं. "जीप सांगितलीया न्हवं?"

"सांगितलीय."

"खुर्च्या-बिर्च्या?"

"त्याही आहेत."

"मग रद्द कशापायी? सोबतीला मी येतो."

मनकर्णानं पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघर गाठलं.

मच्छिंद्रचा हिशेब चोख होता. सोय जावयाची म्हणायची, बसायचं सासऱ्यांनी. म्हाताऱ्याचा मान राहतो, गुडघे राहतात, बागा बघून होतात. त्यात आप्पासाहेबांचा स्वभाव धरायचा तेवढा राहून गेला.

राहात्याला अलीम ड्रायव्हरनं जीप बरोबर झाडाखाली लावली. मालकानं खुर्ची आणून ठेवली.

"बसा मामा," मच्छिंद्र म्हणाला.

"तुमी बसा."

"नाही, आधी तुम्ही."

"जावई तंगडी धरून उभा आन् सासरा खुर्चीत? लोक तोंडात शेन घालतील!" आप्पासाहेबांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि पायाखाली पेरूची पाटी पालथी घातली. मालक घरातून दुसरी खुर्ची आणतो म्हणाला, पण तोवर आप्पासाहेबांचं लक्ष एका झाडाकडे गेलं होतं. "ह्ये वाळाया लागलंय की वो. बुडाशी पानी तुंबतंय तुमच्या." मालक म्हणाला, पलीकडेही अशी दोन-चार आहेत. "कुठं?" म्हणत आप्पासाहेब काठी टेकत निघाले आणि झाडांच्या ओळीत दिसेनासे झाले.

मच्छिंद्र पाटीवर पाय ठेवून बसून राहिला. मनकर्णानं आणि अलीमनं पेरू खाल्ले. बऱ्याच वेळानं आप्पासाहेब धोतराला चिखल लावून परत आले.

"लई झ्याक बाग! तुमाला दिसली का न्हाई?"

"दिसली ना," समोरच्या एकुलत्या एका झाडाकडे बघत मच्छिंद्र म्हणाला.

जीपमध्ये चढताना आप्पासाहेब "आई गं" म्हणाले, पण जावयाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. गुडघे दुखत होते ते खोटं नव्हतं. फक्त आता त्यांच्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत गादीवर मच्छिंद्र, आणि आप्पासाहेब बैलगाडीची कड धरून पायी. "सावकाश रं, पाव्हन्याला धक्का बसतोय," असं ते गाडीवानाला सारखं बजावत होते. मध्येच त्यांनी आपली काठी गादीवर टाकली. "ही ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. तुमाला जास्त गरज हाय."

"आप्पा, तुमचे गुडघे!" मनकर्णा ओरडली.

"गुडघ्याचं मागनं बघू. आधी ह्येंचा पाय." ते मालकाकडे वळले. "हिकडं कुनी हाड बसवनारा हाय का?"

दुर्दैवानं होता. वाडीवरनं सहादेव नावाचा हाडवैद्य आला, रेड्यासारखे खांदे असलेला. त्यानं बँडेज सोडलं. घोटा लोण्यासारखा गुळगुळीत निघाला. सहादेवनं दाबून बघितलं.

"हितं दुखतं?"

"हो."

"हितं?"

"हो, फार."

"ह्यो दुसरा पाय हाय," सहादेव म्हणाला.

मच्छिंद्रनं वर पाहिलं. आप्पासाहेब काळजीनं वाकून बघत होते. वर्षभरात त्यांनी एवढ्या काळजीनं कशाकडेही पाहिलं नव्हतं. आता खरं सांगितलं, तर म्हातारा अपमान गिळून घरी जाईल आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करील. मच्छिंद्रला ते नको होतं, मग पायाचं काही का होईना.

"दोन्हीकडे दुखतंय," तो म्हणाला.

"मंग दोनी बसवावं लागत्याल," असं म्हणून सहादेवनं बाह्या सरसावल्या. डावा पाय कसाबसा निभावला. उजव्याला मात्र असा काही हिसका बसला, की मच्छिंद्रच्या बोंबेनं बैल उठून उभे राहिले. त्या क्षणापासून त्याचं लंगडणं अगदी अस्सल झालं.

भंडारदऱ्याला पायऱ्या उतरताना खुर्चीत तो, आणि उचलणाऱ्यांच्या पुढे आप्पासाहेब. "हळू, हळू! जावई हाय आमचा, पोतं न्हाई!" खाली पोहोचल्यावर खुर्ची हिरवळीवर टेकली आणि तिच्याशेजारी आप्पासाहेबही पहिल्यांदाच खाली बसले. धरणाकडे बघत राहिले.

"हिच्या आईला ह्ये दाखवायचं ऱ्हाऊन गेलं," ते म्हणाले. "ती लई मागं लागायची, कुठंतरी चला म्हनून. मी मोसंबी सोडून हललो न्हाई. आन् ती गेल्यावर खाट सोडून हललो न्हाई." त्यांनी डोळे पुसले आणि मच्छिंद्रच्या घोट्यावर हात ठेवला. "मानसानं बसून ऱ्हाऊ नये, जावईबापू. बसला का संपला. तुमाला मी बसू देनार न्हाई."

मच्छिंद्रचा घोटा ठणकत होता. त्याला फार बरं वाटलं.

कोपरगावला आल्यावर आठवड्याभरात सूज उतरली. एका दुपारी तो अंगणात दोन्ही पायांवर नीट उभा राहून बघत होता.

"आज सांगून टाकतो मामांना," तो मनकर्णाला म्हणाला. "खोटं किती दिवस ओढायचं?"

"सांगा. पन ते हायेत कुठं? पहाटंच्या एसटीनं राहुरीकडं गेल्यात. तिथल्या मोसंबीच्या बागंत जीप आत जाती का, ते बघाया. तुमच्यासाठी."

तेवढ्यात फाटक वाजलं. आप्पासाहेब आले होते. काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं रोप होतं. जावई अंगणाच्या मधोमध, हाताला आधार नसताना उभा, हे बघून त्यांचा चेहराच बदलला.

"अवो, अवो! कुनी उठाया सांगितलं? पडाल न्हवं!"

रोप त्यांनी तिथंच टाकलं. एका हातानं धोतर वर धरलं आणि ते पळत सुटले. काठी फाटकाशीच राहिली. मनकर्णा दारात उलथनं घेऊन उभी होती. तिनं वडलांच्या पायांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"तोल गेला हो मामा," असं म्हणून मच्छिंद्रनं उजवा पाय उचलून धरला आणि अंगाचा सगळा भार म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकला.