इबार्रा लालमध्ये जाणार (सूत्र: आमचं स्वयंपाकघर)

मी एक वाक्य बोलायचं ठरवलं, तिथून सगळं सुरू झालं.

यात ठरवण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण लग्नाला चार महिने होऊनही काळाचौकीतल्या आमच्या मजल्यावर माझी ओळख 'हेरंबची गप्प बायको' अशीच होती. (मला बोलता येतं हो. पण माहेरी, माहीमला, घरात तीन आत्या होत्या. तिथे मध्ये घुसायला फटच मिळायची नाही.) सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "पोरगी गुणाची आसा गो, पण बोलणाच नाय."

नवरा मात्र बोलतो. हेरंब विमा कंपनीत कारकून आहे. स्कूटर तीसच्या वर नेत नाही आणि रिकाम्या रस्त्यावरही वळायच्या आधी इंडिकेटरसोबत हात दाखवतो. पण तिकडे युरोपात तीनशेच्या वेगाने ज्या मोटरसायकलच्या शर्यती होतात, त्यांच्या बाबतीत आमच्या बिल्डिंगमध्ये त्याचा शब्द अखेरचा. आता शर्यत असते रविवारी, पाऊण तास. उरलेला आठवडा माणसाने काय करायचं? तर पुढच्या वर्षी कुठला रायडर कुठली टीम सोडून कुठे जाणार, याच्या अफवा चघळायच्या.

याचंही एक शास्त्र आहे. हेरंबने ते मला हनिमूनला, महाबळेश्वरच्या धुक्यात समजावून सांगितलं होतं. रायडर म्हणाला, "मी इथे खूश आहे," की तो निघाला असं समजायचं. मॅनेजर म्हणाला, "बातमीत तथ्य नाही," की सही झाली. आणि जो मुळात काहीच बोलत नाही, त्याला सगळं माहीत असतं. (हे शेवटचं कलम मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.)

यंदाचा यक्षप्रश्न होता इबार्रा. स्पेनचा, नंबर सत्तावीस, सध्या निळ्या टीममध्ये. राहणार की जाणार? श्रावण लागला तेव्हा हे नाव आमच्या जेवणात इतक्या वेळा येत होतं की सासूबाईंनी एकदा आमटी वाढतावाढता विचारलं, "ह्यो इबारो जेवक येतलो काय? तसा सांग, भात वाढवतंय."

अशाच एका रविवारी सकाळी हेरंब ओट्याला टेकून मला सांगत होता की इबार्रा हिरव्या टीममध्ये जाईल, किंवा जाणार नाही. मी कोशिंबीर करत होते. आणि मला वाटलं, आज आपणही काहीतरी सांगावं.

"लाल टीममध्ये जातोय म्हणे," मी म्हटलं.

(लालच का? हातात टोमॅटो होता.)

हेरंब ओट्यापासून सरळ झाला. "कोण म्हणे?"

"ऑफिसात एक जण आहे. त्याचा मेव्हणा इटलीत असतो."

हे मात्र खरं होतं. मेव्हणा इटलीत आहे. चीजच्या कारखान्यात.

"इटलीत? लाल टीमचा कारखाना आहे त्या गावात?"

"जवळच असेल."

हेरंबने माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्याने मला मुंडावळ्यांतही पाहिलं नव्हतं. मग फोन उचलला. 'पिट लेन काळाचौकी' या त्यांच्या अकरा जणांच्या ग्रुपवर बातमी पडली: 'इटलीतील अत्यंत विश्वसनीय सूत्रांनुसार इबार्रा लालमध्ये.' समोरच्या विंगमधल्या सौमित्रने लगेच विचारलं, 'सूत्र कोण?' हेरंबने उत्तर दिलं, 'नाव देता येत नाही.' सूत्र तेव्हा काकडी चोचवत होतं.

मंगळवारी ती बातमी चाळीस हजार लोकांच्या कुठल्याशा पेजवर गेली. गुरुवारी एका स्पॅनिश वेबसाइटवर आली, 'भारतातून मिळालेल्या माहितीनुसार' असं लिहून, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. हेरंब फोन घेऊन धावत स्वयंपाकघरात आला.

"अनुजा! तुझ्या बातमीला थेट स्पेनमधून दुजोरा!"

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण बाहेर गॅलरीत सासूबाई कुणाला तरी सांगताना ऐकू आल्या, "आमच्या सुनेक इटलीतली बातमी कळता," आणि त्या आवाजात असं काही होतं की मी गप्प बसले. (चार महिन्यांचा सराव होताच.)

इथपर्यंत निभावलं असतं. पण गणपती जवळ आले.

आमच्या बिल्डिंगमध्ये घरगुती गणपतीच्या सजावटीची स्पर्धा असते. हेरंब पाच वर्षं दुसरा येतोय आणि सौमित्र पाच वर्षं पहिला. गेल्या वर्षी सौमित्रने फिरत्या दिव्याचं दीपगृह केलं होतं. त्याचं नाव काढलं तरी हेरंब अजून पाणी मागतो. परीक्षक म्हणजे तळमजल्यावरचे सीताराम गुरुजी, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचं म्हणणं एकच: दुसऱ्या कुणाकडे नसेल असं दाखवा.

"मिळालं!" हेरंब म्हणाला. "रेस ट्रॅक! बाप्पा पोडियमवर, पहिल्या नंबरला. मूषक चौकड्यांचा झेंडा घेऊन उभा. आणि बाजूला बाइक. नंबर सत्तावीस, आणि रंग लाल! अगं, जगात अजून कुणी इबार्राला लाल बाइकवर बघितलेलं नाही. पहिलं दर्शन काळाचौकीत!"

"बाप्पाक हेल्मेट घातलंस तर तुका घराभायर काढीन," सासूबाई म्हणाल्या. तेवढी एक सूचना सोडली तर योजना मंजूर झाली.

पंधरा दिवस घरात पुठ्ठ्याशिवाय काही दिसलं नाही. फ्रिजच्या खोक्याची बाइक झाली. चाकांना पापडाच्या डब्यांची झाकणं गेली. सायलेन्सरसाठी माझ्या रुखवतातलं नवं लाटणं गेलं. माझं अक्षर चांगलं म्हणून नंबर मी काढायचा ठरलं. त्या लालभडक पुठ्ठ्यावर मी माझ्या हाताने सत्तावीस लिहिलं. डोळ्यांसमोर सारखा टोमॅटो येत होता, त्यात सात वाकडा झाला. हेरंब म्हणाला, "वा! स्पीडचा इफेक्ट आलाय."

सहावं वर्ष. याही वेळी तो हरला, आणि तेही माझ्या टोमॅटोमुळे, तर? चतुर्थीला दोन दिवस उरले तेव्हा मला राहवेना.

"हेरंब, ती बातमी खोटी आहे. मी बनवली."

तो खळखळून हसला. "सूत्राने नाही म्हटलं म्हणजे शंभर टक्के पक्कं!"

"सूत्रबित्र काही नाही. टोमॅटो होता."

"टोमॅटो?"

"हातात."

तो खाली बसला, ट्रॅकवरच. पुठ्ठ्याची पिट लेन, म्हणजे बाइक दुरुस्तीला थांबतात ती गल्ली, चेपली.

"मग बोललीस कशाला?"

"तू रोज बोलतोस. मला वाटलं, एकदा मीपण काहीतरी सांगावं."

"मग दुसरं काही सांगायचंस. ऑफिसातलं वगैरे."

"ऐकलं असतंस?"

हेरंबने प्रामाणिकपणे विचार केला. (हा त्याचा गुण आहे.) "नसतं," तो म्हणाला. लग्नानंतरची ती आमची पहिली खरी गप्पांची बैठक.

"चल," तो उठला. "निळी करू. आहे ते तरी खरं असू दे."

लालबागला जाऊन निळ्या पोस्टर कलरच्या चार बाटल्या आणल्या. पण खालचा लाल काही जायला तयार होईना. निळ्याचा पहिला हात दिला, दुसरा दिला, आणि बाइक जांभळी झाली. तिसरा दिल्यावर ती थेट वांग्याच्या रंगाची झाली. जगातली कुठलीही टीम त्या रंगाची बाइक चालवत नाही.

"वांग्यासारखी दिसता," सासूबाई म्हणाल्या. "बरी दिसता."

ऋषिपंचमीच्या सकाळी सीताराम गुरुजी आले. बाप्पाला नमस्कार केला, चष्मा पुसला आणि बाइकपाशी वाकले. "रंग नवीन आहे. कुठल्या टीमचा?"

"आमच्या घरचो," सासूबाईंनी ठासून सांगितलं.

गुरुजींनी वहीत काहीतरी लिहिलं. हेरंबचा चेहरा उजळू लागला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग थांबेचना. त्याने पाहिलं. अधिकृत घोषणा. फोटोत इबार्रा हसत उभा होता, लाल टीमच्या मॅनेजरचा हात हातात धरून. दोन वर्षांचा करार.

हेरंबने फोनकडे पाहिलं, वांग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू खोटी म्हणालीस."

"खोटीच होती."

"मग खरी कशी झाली?"

"मला काय माहीत?"

गुरुजी आमच्याकडून समोरच्या विंगमध्ये गेले. पाठोपाठ आम्हीही गेलो. सौमित्रच्या घरी बाप्पासमोर बाइक उभी होती. नंबर सत्तावीस. लालचुटूक.

"अरे, हेरंब कधी सूत्राचं नाव लपवत नाही," सौमित्र प्रसाद देतादेता सांगत होता. "यंदा लपवलं, तेव्हाच म्हटलं, हे पक्कं! त्याच दिवशी रंग आणला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, सूत्र कोण ते आईंनी अख्ख्या गॅलरीला सांगितलंय. तुमच्या इटलीवाल्याला माझा नमस्कार सांगा हं."

सौमित्र सहाव्यांदा पहिला, कारण जगात दुसऱ्या कुणाकडे नसलेली लाल सत्तावीस त्याच्याकडे होती. हेरंब सहाव्यांदा दुसरा. ('रंगसंगतीतील धाडस', असा शेरा गुरुजींनी दिला.)

हेरंब रागावला नाही. उलट आता कामावरून आला की आधी माझ्या ऑफिसातलं विचारतो आणि खरंच ऐकतो. मीही सांगते. घरात माझ्या शब्दाला वजन आलंय, असं मला वाटायलाही लागलं होतं.

गौरीजेवणाच्या दिवशी दहा माणसं पानावर बसली होती, मोदकांची दुसरी खेप कुकरमध्ये होती आणि गॅस संपला. मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात सांगितलं, "गॅस संपलाय. सिलिंडर बदलायला कुणीतरी या."

कुणी उठेना. हेरंबने विचारात पडून माझ्याकडे पाहिलं. "नक्की संपलाय? की मागाहून नाही म्हणशील?"

"अरे, संपलाय!"

तो अर्धवट उठला, तर सासूबाईंनी त्याला हाताने खाली बसवलं आणि पाहुण्यांना समजावलं,

"बसा निवांत. हिचा सांगलेला खरा ठरता, पण महिन्याभरान."